मुक्या जिवांचा विसावा : श्री संत गाडगे महाराज

तीर्थक्षेत्री येणाऱ्या भाविकांस श्री संत गाडगे महाराजांचे नाव ठाऊक नाही, असे सहसा घडत नाही. हाती खराटा, मस्तकी मातीचे खापर, अंगावर चिंध्यांचा अंगरखा आणि मुखी गोपाळनामाचा गजर, अशी ही मूर्ती महाराष्ट्राच्या घराघरांत पूज्य आहे. बाबांनी गावे झाडली, नदीकाठी घाट बांधले, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु हे थोर संत मुळात एक गुराखी व शेतकरी होते. माणसाने पाळलेले जनावर माणसावर जो विश्वास टाकते, तो विश्वास राखावा, ही तळमळ त्यांच्या जीवनकार्यात अखेरपर्यंत दिसून येते. भाविकांच्या माहितीसाठी बाबांचे चरित्र या दृष्टीने येथे संक्षेपाने देत आहोत.

जन्म व बालपण

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, महाशिवरात्रीच्या पर्वावर, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात एका परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, मातेचे नाव सखुबाई आणि आडनाव जाणोरकर. बाळाचे नाव डेबूजी असे ठेवण्यात आले. घरची परिस्थिती प्रारंभी बरी होती. तथापि त्या काळच्या रूढीप्रमाणे देवकार्य म्हटले की बकरे कापणे, जातभाईंना मांसाचे जेवण घालणे आणि सोबत मद्य, हा प्रकार घरोघरी चालत असे. झिंगराजीही त्या चक्रात सापडले. व्यसनाने शरीर खचले, संसार विस्कटला आणि १८८४ साली त्यांचे निधन झाले. डेबूजी त्या वेळी अवघा आठ वर्षांचा होता.

पतीच्या निधनानंतर सखुबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आपल्या माहेरी आल्या. आजोळी शेतीवाडी होती, गुरेढोरे होती. पोरक्या डेबूजीच्या वाट्याला मामा चंद्रभान यांच्या गुरांची राखण आली आणि येथूनच त्यांच्या खऱ्या शिक्षणास प्रारंभ झाला. शाळेची पायरी त्यांनी चढली नाही. त्यांची शाळा म्हणजे गोठा आणि गायरान.

दापुऱ्याचा गुराखी

गुरे राखणे हे काम वरकरणी सोपे वाटते. प्रत्यक्षात ज्याने ते केले आहे, त्यालाच त्यातील कष्ट व कौशल्य कळते. पहाटे उठून गोठा झाडणे, शेणगोठा उरकणे, दावणीची जनावरे सोडून रानात नेणे, कोणाच्या पिकात तोंड जाणार नाही याकडे डोळ्यात तेल घालून पाहणे, दुपारी पाण्यावर नेणे आणि दिवेलागणीला एकही जनावर न चुकता घरी आणणे, हा गुराख्याचा नित्यक्रम. बाल डेबूजीने हे काम मनापासून केले. गुरांना धुणे, त्यांचे अंग चोळणे, गोठा स्वच्छ ठेवणे यांत त्यास आनंद वाटे. पुढे ज्या खराट्याने अवघा महाराष्ट्र झाडला, त्या हातास झाडण्याची पहिली सवय गोठ्यातच लागली, असे म्हणण्यास हरकत नाही.

जनावर माणसावर विश्वास ठेवते ते कशावरून, हे गोठ्यात राबणाऱ्यास अनुभवाने कळते. तोच हात, तीच हाक आणि तीच वेळ या तीन गोष्टी रोज सांभाळल्या की जनावर माणसाळते. गाईचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असतात. त्यामुळे तिला बहुतेक सर्व दिशांचे दिसते, मात्र अगदी पाठीमागचे दिसत नाही. म्हणून जाणता गुराखी मागून अचानक अंगाला हात लावत नाही. तो खांद्याच्या बाजूने, तोंडाने हाक देत जवळ जातो. वासरास लहानपणापासून मायेने हाताळले, तर मोठेपणी ते माणसास बुजत नाही. उलट, एकदा बसलेला मार जनावर दीर्घकाळ विसरत नाही आणि मारणारा माणूस दिसताच अंग चोरते.

भ्यालेली गाय पान्हा चोरते, हे खेड्यातील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. त्यामागील कारण आज पशुवैद्यकशास्त्राने स्पष्ट केले आहे. वासरू पिऊ लागले अथवा ओळखीचा हात कासेस लागला, की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते व त्यामुळे दूध कासेत उतरते. भीती वाटताच अ‍ॅड्रेनलिन हे दुसरे संप्रेरक त्यास अटकाव करते. म्हणजेच, विश्वासावाचून गाय दूधसुद्धा मोकळेपणाने देऊ शकत नाही. ही विद्या पुस्तकात येण्यापूर्वी गुराख्यांच्या हातात होती आणि डेबूजी त्या विद्येत वाढले.

बैलांच्या सोबतीने

वयात येताच डेबूजी मामांच्या शेतीत राबू लागले. वऱ्हाडची ती काळी जमीन, ज्वारी व कपाशीची पिके आणि नांगर, वखर, तिफण हे सारे बैलांच्या खांद्यावर चालणारे. ज्या शेतकऱ्याची बैलांशी गट्टी, त्याचे शेत वेळेवर पेरून होई. पावसाच्या पहिल्या सरींनंतर वाफसा आला की पेरणीस मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत बैल अडला, तर वर्ष हातचे जाते. पराणी टोचून बैल एखादे तास ओढील, परंतु दिवसभर मान खाली घालून चालतो तो धन्याच्या हाकेवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळण्याची जी रीत आपल्याकडे आहे, तिच्यामागे ही कृतज्ञता आहे. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवले, त्या खांद्याची क्षमा मागण्याचा तो दिवस होय.

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाई यांच्याशी झाला. संसारास प्रारंभ झाला, परंतु पुढील काळ कठीण होता. मामांची जमीन सावकारी कर्जात अडकली आणि त्या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. घरचा भार डेबूजींवर आला. याच सुमारास वऱ्हाडावर दोन मोठे दुष्काळ कोसळले, एक १८९६-९७ मध्ये व दुसरा त्याहूनही भीषण, १८९९-१९०० मध्ये. दुसऱ्या दुष्काळात धान्याइतकाच चाऱ्याचाही तुटवडा पडला आणि वऱ्हाडातील गुरेढोरे मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडली. दावणीचे जनावर उपाशी हंबरत असता गव्हाण रिकामी असणे, हे दुःख ज्या पिढीने पाहिले, त्या पिढीचे डेबूजी होते. पुढे चाऱ्याची व गोरक्षणाची सोय करण्याचा ध्यास त्यांनी घेतला, त्याची पार्श्वभूमी ही आहे.

बारशाची पंगत

डेबूजींच्या घरी कन्यारत्न जन्मास आले. बारशास जातभाईंना मांस व मद्याची पंगत देणे हा त्या काळचा अलिखित नियम होता. तो मोडणाऱ्याची निंदा होई, प्रसंगी त्यास वाळीत पडण्याचे भय असे. डेबूजींनी ते भय बाजूस सारले. वडिलांचा संसार कशाने बुडाला, हे त्यांनी पाहिले होते. आपल्या लेकीचे नाव ठेवण्याच्या मंगल दिवशी दुसऱ्या कोणाचे लेकरू कापावयाचे, हे त्यांच्या मनास पटेना. त्यांनी पंगतीस गोडाचे शाकाहारी जेवण वाढले. जमलेल्यांत कुजबुज झाली, नाराजी झाली, पण डेबूजी ढळले नाहीत. एका तरुण, गरीब, अशिक्षित शेतकऱ्याने स्वतःच्या उंबरठ्यावर केलेली ही पहिली सुधारणा होती. लोकांस उपदेश करण्यापूर्वी बाबांनी तो आपल्या घरी आचरला, हे विशेष होय.

गृहत्याग व लोकसेवा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. हातात काठी, सोबत मातीचे गाडगे, एवढीच शिदोरी. गावोगाव भटकत, मिळेल ते काम करीत आणि मिळेल ती भाकर खापरात घेऊन खात त्यांनी अनेक वर्षे काढली. त्या खापरावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरताच ते प्रथम रस्ते झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. पूर्णा नदीच्या तीरावरील ऋणमोचन येथील यात्रेत त्यांनी सेवेस प्रारंभ केला. यात्रेकरूंची गैरसोय पाहून पुढे तेथे घाट बांधविला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू आदी ठिकाणी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. अन्नछत्रे निघाली, मुलांच्या शिक्षणाची सोय झाली. एवढे करूनही बाबा स्वतः त्या इमारतींत राहिले नाहीत आणि आपल्या कुटुंबीयांस त्यांचा लाभ घेऊ दिला नाही.

नवसाचे बकरे

बाबांच्या कीर्तनांत जे विषय वारंवार येत, त्यांत देवापुढील पशुहत्या हा एक प्रमुख विषय होता. नवसाचे बकरे म्हणजे काय, हे शहरातील भाविकांस कदाचित ठाऊक नसेल. घरात आजारपण आले, मूलबाळ होईना, पीक बुडाले, म्हणजे देवास बकरे बोलले जाई. ते करडू घरातच वाढे. मुले त्यास पाला आणून घालीत, त्याच्याशी खेळत, त्यास नावाने हाक मारीत. ते घरच्या माणसांच्या पायात घुटमळे, हातातील भाकरीचा तुकडा खाई आणि रात्री अंगणात निजे. जत्रेचा दिवस उजाडला, की त्याच्या गळ्यात माळ, कपाळी गुलाल. दोरी ओढण्याची फारशी गरज पडत नसे. ज्या हाताने पाला खाल्ला, त्या हातामागून ते निमूट चालत जाई.

बाबांना जे असह्य होई ते येथेच. रानातील जनावर माणसास पाहून पळते, तेव्हा त्याचा व माणसाचा कसलाही करार नसतो. पाळलेल्या जनावराने मात्र पळणे सोडून दिलेले असते. त्याने आपला जीव माणसाच्या स्वाधीन केलेला असतो. त्या विश्वासाचाच उपयोग करून त्यास सुरीखाली नेणे आणि वर त्यास धर्म म्हणणे, हे बाबांना मान्य नव्हते.

मात्र यासाठी त्यांनी भाविकांची हेटाळणी केली नाही. नवस फेडला नाही तर देवी कोपेल, मूल दगावेल, हे गरिबाच्या मनातील भय खरे असते, हे ते जाणून होते. त्यांची कीर्तनपद्धती प्रश्नोत्तराची होती. वऱ्हाडी बोलीत, साध्या शब्दांत ते समोरच्यांना प्रश्न विचारीत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर वदवून घेत. सर्व जीव देवाची लेकरे आहेत ना, हे ते प्रथम कबूल करवून घेत. मग एका लेकराच्या सुखासाठी दुसऱ्याचे रक्त मागणारी आई कशी असेल, असा विचार ते श्रोत्यांपुढे ठेवीत. बकरे देव खातो की माणसे खातात, हेही ते विचारीत आणि जत्रेच्या जेवणावळीसाठी काढलेले कर्ज कोण फेडतो, याचा हिशेब मांडीत. हसत हसत ऐकणारा श्रोता कीर्तन संपता संपता अंतर्मुख होई. अनेकांनी त्यानंतर बकऱ्याऐवजी नारळ व पुरणपोळीचा नैवेद्य दाखविण्यास प्रारंभ केला. ही रूढी सर्वत्र नाहीशी झाली असे आजही म्हणता येत नाही. परंतु देवास जीव दिल्यावाचूनही नवस फिटतो, हा धीर बाबांनी बहुजन समाजास दिला, हे त्यांचे मोठे ऋण आहे.

गोरक्षण कार्य

पाळलेल्या जनावराच्या विश्वासाची दुसरी कसोटी त्याच्या म्हातारपणी लागते. बैल ओढेनासा झाला, गाय भाकड झाली, की दावणीला बांधून तिला पोसणे लहान शेतकऱ्यास अवघड जाते. केवळ उपदेशाने त्याचे पोट भरत नाही आणि जनावराचेही भरत नाही. तीनशे-चारशे किलो वजनाच्या गाईस दररोज कोरड्या वजनाने सुमारे सात ते नऊ किलो वैरण लागते आणि उन्हाळ्यात चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते. दुष्काळी वर्षात कडब्याचे भाव चढले, म्हणजे मायाळू शेतकऱ्याचाही नाइलाज होतो. बाबांनी दुष्काळ अनुभवला होता, म्हणून ते शेतकऱ्यास केवळ दोष देऊन थांबले नाहीत. थकलेले जनावर विकू नका, असे ते कीर्तनांतून कळवळून सांगत. त्याचबरोबर अशा जनावरांच्या सांभाळाची सोय समाजाने मिळून करावी, या हेतूने त्यांनी मूर्तिजापूर येथे गोरक्षणाचे कार्य उभे केले. ज्या तालुक्यात त्यांनी बालपणी गुरे राखली, त्याच तालुक्यात हे कार्य उभे राहिले, हा योग मनास भावतो. एकट्या शेतकऱ्यास न पेलणारा भार दहाजणांनी वाटून घ्यावा, हे गोरक्षणाचे खरे तत्त्व आहे.

बाबांच्या शिकवणीचे जे सार सर्वत्र सांगितले जाते, त्यात भुकेल्यास अन्न, तहानलेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, बेघरास आसरा यांच्या पंक्तीस पशुपक्ष्यांना व मुक्या प्राण्यांना अभय यालाही स्थान आहे. अभय हा शब्द येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. चारा दिला, पाणी दिले, तरी मनातील भय जाईपर्यंत जनावर माणसाचे होत नाही. म्हणून दानांमध्ये अभयदान श्रेष्ठ मानले गेले आहे.

महानिर्वाण

बाबांनी उभारलेल्या संस्थांचा कारभार नीट चालावा म्हणून १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. स्वतः बाबा अखेरपर्यंत फिरत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावनजीक पेढी नदीच्या परिसरात प्रवासातच त्यांचे महानिर्वाण झाले. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा त्यानंतर चार वर्षांनी, १९६० साली आला. १९९८ साली बाबांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले, २०००-०१ पासून त्यांच्या नावे राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि २००५ साली अमरावती विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

भाविकांस व देणगीदारांस नम्र विनंती

देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्यांस आपण विश्वस्त म्हणतो. ज्याच्यावर विश्वास टाकला आहे, तो विश्वस्त. हा शब्द गोठ्याच्या धन्यासही तितकाच लागू पडतो. जनावराचा मालक हा त्याच्या जिवाचा विश्वस्त आहे, असे बाबांचे चरित्र वाचता जाणवते. दान देणाऱ्याचा विश्वास आणि दावणीच्या गाईचा विश्वास, दोहोंचा हिशेब सारख्याच चोखपणे राखला गेला पाहिजे. म्हणून गोसेवेसाठी देणगी देताना भाविकांनी पावती अवश्य घ्यावी. शक्य असल्यास गोठा स्वतः पाहावा आणि वैरण, पाणी, सावली व औषधोपचार यांची व्यवस्था कशी आहे, याची आपुलकीने चौकशी करावी.

यात्रेत गाईस घास देण्याची इच्छा प्रत्येकास होते. हिरवा अथवा वाळला चारा द्यावा. भात, पोळ्या, मिठाई, पीठ असे पदार्थ एकामागून एक भाविकांनी घातले, तर गाईच्या पोटात आम्लता वाढते, पोट फुगते आणि प्रसंगी तिच्या जिवावर बेतते. नैवेद्य वा उष्टे अन्न प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कदापि टाकू नये. अन्नाच्या वासाने गाय पिशवीसकट गिळते, ती पोटात साठत जाते आणि चारा पचेनासा होतो. बाबांच्या काळी यात्रेतील पत्रावळी पानांच्या असत, त्या जनावराने खाल्ल्या तरी बाधत नसत. आज मात्र आपण टाकलेला कचरा उचलणे हीच मुक्या जनावराची पहिली सेवा झाली आहे. बाबांच्या हातातील खराटा आणि त्यांची गोसेवा यांचा असा निकट संबंध आहे.

गाईजवळ जाताना समोरून वा बाजूने, सावकाश व बोलत जावे. लहान मुलांना तिच्या मागे उभे करू नये. तिने मान पुढे केली तरच हात लावावा. एवढे पाळले, तर गाईच्या डोळ्यांतील भीती ओसरताना दिसेल आणि बाबांनी ज्यास अभय म्हटले त्याचे दर्शन घडेल. श्री संत गाडगे महाराजांच्या चरणी ही अल्पशी चरित्रसेवा सादर अर्पण.